काठावरचं खरं, पोटातलं वादाचं

नमस्कार. माझ्या लेखावरचा तुमचा आक्षेप थोडक्यात असा: दोन जड अणुकेंद्रकांच्या टकरीसाठी मी वुड्स-सॅक्सन विभव (केंद्रकांमधल्या अंतरानुसार त्यांची परस्पर ऊर्जा सांगणारं एक ठरीव सूत्र) घेतला, त्यातले खोली, त्रिज्या आणि काठाचा विरळपणा (काठाशी विभव किती हळू विरत जातो) हे तीन आकडे प्रयोगाशी जुळेपर्यंत फिरवले, आणि ‘याला भौतिकशास्त्र नाही, जुळवाजुळव म्हणतात’.

अर्धा आक्षेप मान्य आहे. आधी न पटलेल्या अर्ध्याबद्दल.

ऑक्सिजन-१६ शिसं-२०८ वर आदळतो तेव्हा ८ आणि ८२ प्रोटॉन एकमेकांना ढकलतात. जवळ येता येता केंद्रकीय आकर्षण जागं होतं आणि दोन्हींच्या ओढाताणीतून एक अडथळा उभा राहतो: उंची सुमारे ७५ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक), माथा केंद्रकांच्या मध्यांत १२ फर्मीच्या आसपास अंतर असताना (एक फर्मी म्हणजे मीटरचा १०^१५ वा भाग). दोन्ही त्रिज्यांची बेरीज मात्र जेमतेम १० फर्मी. म्हणजे माथ्यावर फक्त विरळ कडाच एकमेकींना शिवलेल्या असतात. तिथला विभव मनाला येईल तसा ठरवता येत नाही. १९७७ साली ब्लॉकी, रँड्रप, स्वियाटेकी आणि त्सांग यांनी तो पृष्ठताण आणि पृष्ठभागाच्या वक्रतेवरून मांडला. दोन्ही केंद्रकांच्या घनतेवर न्यूक्लिऑनांमधलं (प्रोटॉन-न्यूट्रॉनांमधलं) बल पसरवून बेरीज करण्याची वाट पूर्ण वेगळी, तरी माथ्यापाशी ती पहिल्या वाटेच्या जवळच येऊन पोचते. वेगवेगळ्या वाटांनी तिथेच पोचता येतं, याला मी योगायोग मानत नाही.

आत शिरलं की मात्र तुमचं म्हणणं खरं ठरतं, आणि मला याच भागाची ओढ आहे. केंद्रकं नुसती विचलित होऊन निघून जातात, त्या मोजमापाला विरळपणा ०.६३ फर्मी लागतो. केंद्रकं एकरूप होतात तेव्हा मात्र ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या संशोधक गटाला (२००४) ०.७५ पासून १.५ पर्यंतचे आकडे लागले. एकच विभव दोन्हीकडे चालत नाही! त्याआधी २००२ मध्ये अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत निकेल-६० आणि यिट्रियम-८९ यांचं एकत्रीकरण अडथळ्याच्या खूप खालच्या ऊर्जेला अपेक्षेपेक्षा फार वेगानं घसरताना दिसलं.

या घसरणीचं मिशिकू आणि एस्बेन्सेन या भौतिकशास्त्रज्ञांचं स्पष्टीकरण असं: केंद्रकं एकमेकांत घुसली की घनता दुपटीकडे जाते, केंद्रकीय द्रव्य सहजी दबत नाही, म्हणून आत प्रतिकर्षण येतं आणि विभवाची विहीर, म्हणजे अडथळ्याच्या आतला ऊर्जेचा खड्डा, उथळ होते. इचिकावा आणि हागिनो हे दुसरे अभ्यासक म्हणतात, केंद्रकांना आकार बदलायला वेळ मिळतो, दोघांना जोडणारी मान मध्ये तयार होते, घनता तशी वाढतच नाही. दोन्ही चित्रं मोजमापांशी बऱ्यापैकी जुळतात. मला दुसरं जास्त पटतं, कारण अडथळ्याखाली टक्कर संथ असते. पण हे माझं मत आहे, निकाल नव्हे.

तेव्हा ‘विभव’ हा वस्तुमानासारखा केंद्रकांना चिकटलेला गुण नाही. आत काय घडायला किती वेळ मिळाला, त्यावर तो ठरतो. मूळ लेखात मी दोन्ही प्रकारच्या मोजमापांना ०.६३ हाच आकडा लावला होता. ते चुकलं. तो परिच्छेद आज बदलला आहे, आणि त्यातल्या विभवाच्या आलेखात १० फर्मीच्या आतली रेघ आता तुटक काढली आहे.