दाजींच्या गोळ्या आणि तो मेसेज

औशाहून आक्काचा फोन आला. "चार दिवस झाले, ह्यांनी मनाच्या दुखण्याच्या गोळ्या बंद केल्यात. मेसेजमधलं खरंय का रे?" मेसेज दाजींनीच तिला पाठवलेला. अठरा वर्षं फौजेत काढलेला माणूस!

मेसेज असा: सैनिकांचा मानसिक आघात हे गोऱ्यांचं थोतांड, १९८० साली औषधवाल्यांनी काढलेलं. मावळ्यांना कधी झालं नाही. खरा जवान घाबरत नसतो. गोळ्या फेका, पहाटे तालीम करा.

१९८०चं अर्धं खरं आहे, म्हणून तर माणूस फसतो. 'पीटीएसडी', म्हणजे आघातानंतर मागं राहणारा मानसिक त्रास, हे नाव अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत तेव्हा आलं. नाव आलं, दुखणं जुनंच. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांची हकीकत छापली. तोफगोळ्यांच्या माऱ्यानंतर नजर अधू, वास-चव गेलेली, आठवण पुसलेली. 'शेल शॉक' हा शब्द तिथूनच रुळला.

मावळ्यांचं म्हणाल, तर बखरीत लढाई येते. घरी आलेल्या गड्याला झोप लागली का, ते येत नाही.

डोकं फिरतं ते 'खरा जवान घाबरत नसतो' यावर. हॅरी फार नावाचा ब्रिटिश शिपाई शेल शॉकनं पाच महिने इस्पितळात होता. पुन्हा आघाडीवर धाडला. पुढं जाववेना, तेव्हा भित्रा ठरवून ऑक्टोबर १९१६मध्ये पहाटे त्याला गोळ्या घातल्या. डोळ्यांवर पट्टी नको म्हणाला होता तो भित्रा! पळपुटेपणा, भित्रेपणा असल्या आरोपांखाली मारलेल्या अशा ३०६ जणांना ब्रिटननं माफी दिली, ती २००६ साली. मेसेजवाला अजून १९१६मध्येच आहे.

सगळ्याच फौजींना हे होत नाही, कबूल. तालमीनं बरं वाटतं, तेही कबूल. करा की तालीम. पण गोळी मनानं तोडायची नसते. शेजारी बोअरची गाडी घरघरली की दाजी कडब्याच्या गंजीआड जाऊन बसतात, हे गावानं पाहिलंय. भित्रे म्हणून नव्हे. आपल्या लष्करालाही हे थोतांड वाटत असतं, तर २०२३मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात, जवानांसाठी टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, वेगळा कक्ष कशाला उघडला असता?

आक्काला म्हणलं, आजच डॉक्टरांना फोन लाव, चार दिवसांचं खरं खरं सांग. ते नाही भेटले तर टेलिमानसला, १४४१६ वर. मराठीत बोलतात. आणि दाजींना दे फोन, मला बोलायचंय.