पहिला चट्टा केव्हा दिसला?

आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर गेले दोन आठवडे वाद चालू आहे. गडचिरोलीतल्या आरमोरीच्या काकांना गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर निघाला. धाकट्या चुलत भावाने खर्ऱ्यावर, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणावर, बोट ठेवत लिहिलं, "खर्रा खाऊन खाऊन आणला रोग. आता सरकार काय करन?" त्यावर पुण्याच्या आतेबहिणीचं उत्तर आलं, "जंगलातल्या माणसांना पूर्वी हा रोग नव्हताच, शहराने दिला." दोघंही काकांवर जीव टाकतात. मला मात्र दोघांचंही पटत नाही, आणि त्याचं कारण कॅनडात ओटावाला मी दर बुधवारी करते त्या कामात आहे.

कॅन्सरच्या पेशंटना रेडिएशनसाठी घरून आणायचं आणि परत सोडायचं, असं ते स्वयंसेवी काम. त्यात अधूनमधून कॅनडाच्या अतिउत्तरेची मूळ रहिवासी, म्हणजे इन्युइट माणसं असतात. त्यांचा नुनावुत हा कॅनडाचा प्रदेश 1 एप्रिल 1999 रोजी वेगळा झाला. लोकसंख्या साधारण 40 हजार, 25 वस्त्या, आणि एका वस्तीतून दुसरीकडे नेणारा रस्ताच नाही. रेडिएशनची सोय तिथे कुठेच नाही. बॅफिन बेटावरचा माणूस आधी छोट्या विमानाने नुनावुतची राजधानी इकालुइटला येतो, तिथून सुमारे 2,100 किलोमीटर दक्षिणेला ओटावाला. इथे त्यांच्यासाठी लार्गा बॅफिन नावाचं निवासगृह आहे. विमानाचं भाडं सरकार देतं, वृद्ध पेशंट असेल तर सोबतच्या माणसाचंही. परळच्या फुटपाथवर, टाटा हॉस्पिटलच्या आसपास चादर अंथरून राहणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यामुळे या व्यवस्थेचं मोल मला पहिल्या दिवशीच कळलं.

तरीही इन्युइटांमधलं फुप्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण जगात सर्वाधिक गणलं जातं. तंबाखू हे त्याचं उघड कारण. निम्म्याहून कितीतरी जास्त प्रौढ सिगारेट ओढतात. पण ही तंबाखू त्यांच्या बर्फात उगवली नाही. देवमासे मारायला आलेल्या जहाजांनी आणि कातड्यांच्या व्यापाऱ्यांनी ती आणली. त्यात निम्म्याहून जास्त इन्युइट दाटीवाटीच्या घरांत राहतात आणि बाहेरच्या थंडीत खिडकी उघडता येत नाही. एकाच्या व्यसनाचा धूर सगळ्या घराच्या छातीत जातो.

आतेबहिणीच्या म्हणण्यालाही उत्तरेत उत्तर सापडतं. नाक आणि घशाच्या मागच्या भागाचा एक कॅन्सर, तसाच लाळग्रंथींचा, इन्युइटांमध्ये फार पूर्वीपासून जास्त आढळतो. त्याचा संबंध एप्स्टाइन-बार विषाणूशी आहे, शहरी जेवणाशी नाही. उलट उत्तर युरोपातले सामी लोक बघा. सोव्हिएत काळात आर्क्टिकमधल्या नोवाया झेम्ल्या बेटांवर अणुचाचण्या झाल्या, 1986 मध्ये चेर्नोबिलचा अणुअपघात झाला, किरणोत्सारी सीझियम दगडफुलासारख्या लायकेनमधून रेनडिअरच्या मांसात आणि तिथून त्यांच्या ताटात आलं. तरी स्वीडन आणि फिनलंडच्या सामींमध्ये कॅन्सर शेजाऱ्यांपेक्षा कमीच भरला. अलास्काच्या मूळ रहिवाशांमध्ये मोठ्या आतड्याचा कॅन्सर जगात सर्वाधिक नोंदला गेला आहे, म्हणून तिथे तपासणी चाळिशीतच सुरू करतात. ‘आदिवासी’ किंवा ‘उत्तरेकडचे’ म्हणून सगळ्यांना एकच माप लावता येत नाही, आमच्या गडचिरोलीलाही नाही.

मला खरी खुपते ती उशिराची गोष्ट. गाठ हाताला लागूनही माणसं नर्सकडे जात नाहीत. याला इथले काही लोक अडाणीपणा म्हणतात. मीही पहिल्या वर्षी तसंच म्हणाले होते. मग इतिहास वाचला. 1950 च्या दशकात सी. डी. हाउ नावाचं जहाज वस्त्यांवर यायचं. छातीचा एक्स-रे काढायचा आणि क्षय दिसला की माणसाला तिथूनच दक्षिणेच्या सॅनेटोरियममध्ये न्यायचं. मुलांचा निरोप घ्यायलाही खाली उतरू देत नसत. 1956 च्या सुमारास दर सात इन्युइटांमागे एक दक्षिणेत उपचार घेत होता. अनेक जण परतले नाहीत, आणि त्यांना कुठे पुरलं हे घरच्यांना कुणी कळवलं नाही. कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी 8 मार्च 2019 रोजी इकालुइटला जाऊन माफी मागितली. ज्या घरातून आजी अशी गेली, त्या घरातल्या नातीला ‘तपासणीसाठी विमानाने चला’ म्हटल्यावर तिचा पाय निघेल का? त्यातून कॅन्सरसाठी त्यांच्या भाषेत ‘बरा न होणारा आजार’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग होता. पाउक्तूटिट या इन्युइट महिलांच्या संघटनेने म्हणून कॅन्सरच्या शब्दांचा नवा कोशच केला. मला ते काम एखाद्या यंत्राइतकं महत्त्वाचं वाटतं.

भावाला मी लिहिलं की खर्रा वाईटच आहे. गडचिरोलीत 2016 पासून मुक्तिपथ या दारू-तंबाखूविरोधी मोहिमेची माणसं गावोगाव तेच सांगत आहेत आणि त्यांचं काम मला मोलाचं वाटतं. गुटखाबंदीलाही 2012 पासून माझा पाठिंबा आहे. पण आपल्याकडे वाद एकतर व्यसनावर थांबतो, नाहीतर पुढचं मोठं हॉस्पिटल कोणत्या शहरात यावर. गावात तोंड उघडून बघणारं कोणी आहे का, हे विचारायचं राहून जातं. आणि ते जमत नाही असंही नाही. बार्शीत 1987 पासून ग्रामीण कॅन्सरची नोंद होते आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1,31,746 बायकांवर अभ्यास झाला, गावात जाऊन. एचपीव्ही या, हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या, आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. 2009 मध्ये ते जगापुढे आलं. मराठवाड्यातल्या त्या बायकांचा पुरावा मी इथल्या ओळखीच्या नर्सना अभिमानाने सांगते. आमच्या ग्रुपवर तो कुणालाच ठाऊक नव्हता.

काल रात्री वाद बाजूला ठेवून मी काकूंना फोन केला. विचारलं, गालात पांढरा चट्टा पहिल्यांदा केव्हा दिसला?

"पोळ्याच्या दिवशी," काकू म्हणाल्या. "आरशात त्यांनीच दाखवला मला."

आणि डॉक्टरांनी तुकडा तपासायला कधी घेतला?

"होळी झाली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात."