मोपेन अळीत मांसाच्या तिप्पट प्रथिनं? आधी पाण्याचा हिशेब मांडा

एक मेसेज सध्या फिरतोय. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या मोपेन अळीत (मोपेन झाडाचा पाला खाणारी, एका पतंगाची अळी) म्हणे गोमांसाच्या तिप्पट प्रथिनं असतात, ती झाडावरून काढून तशीच खाता येते, कुणालाही चालते आणि रानात हवी तेवढी मिळते. अळी पौष्टिक आहे, यात वाद नाही. बाकी मुद्दे तपासून घेऊ.

‘तिप्पट प्रथिनं’: एका पारड्यात वाळवलेली अळी आणि दुसऱ्यात ताजं मांस ठेवून हा आकडा आलाय. वाळल्या अळीत १०० ग्रॅममागे साधारण ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं भरतात, ताज्या मांसात २० ते २२. पण त्या मांसात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते वजा केलं की बिनचरबीचं मांसच पुढे जातं. शिवाय प्रयोगशाळेत प्रथिनं काढताना सहसा नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात. अळीच्या कातडीतल्या कायटिन या प्रथिन नसलेल्या पदार्थातही नायट्रोजन असतो, म्हणून उत्तर फुगतं. मीलवर्मसारख्या (एका भुंगेऱ्याची अळी) काही खाद्य अळ्यांसाठी २०१७ साली ४.७६ हा गुणक सुचवला गेला. मोपेनला तो तंतोतंत लागू पडेलच असं नाही. मेसेजवाल्यांनी लोहाचा दाखला दिला असता तर बरं झालं असतं. अन्न व कृषी संघटनेच्या २०१३ च्या अहवालात कोरड्या वजनावर १०० ग्रॅममागे मोपेन अळीत ३१ मिलिग्रॅम लोह आहे, गोमांसात ६. ही तुलना सरळ आहे.

‘तशीच खा’: झिम्बाब्वे, बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका देशातला लिम्पोपो प्रांत इथली रीत वेगळी आहे. पूर्ण वाढलेली अळी धरायची (अंगावर काटे असतात, उघड्या बोटांना टोचतात), एक टोक चिमटायचं आणि आतला हिरवा लगदा पिळून काढायचा. तो अर्धवट पचलेला पाला असतो. राहिला तर चव बिघडते आणि वाळताना अळी आतून नासते. मग मिठाच्या पाण्यात उकळून, पातळ पसरून उन्हात कडक वाळवायची. मोडून पाहावी: कट्‌कन तुटली तर झाली, वाकली तर ओल आहे. उकळल्यावरही काही जिवाणूंचे बीजाणू उरतातच, वाळायला वेळ लागला की ते पुन्हा वाढतात. ओलसर पोत्यात अ‍ॅस्परजिलस बुरशी धरते, आणि तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष नेहमीच्या शिजवण्याने जात नाही. बुरसटलेला माल धुऊन वापरू नये, टाकून द्यावा.

‘कुणालाही चालते’: कोळंबी-खेकड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी हात लावू नये. अ‍ॅलर्जी आणणारं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन कोळंबी-खेकड्यांत असतं तसं अळीतही असतं आणि शिजवूनही टिकतं.

‘हवी तेवढी मिळते’: हंगाम बहुतेक ठिकाणी वर्षातून दोनदाच, डिसेंबरच्या आणि एप्रिलच्या सुमारास. वाढ पुरी झालेली अळी कोषात जायला जमिनीत उतरते. त्याआधी झाडं साफ वेचली की पुढच्या हंगामाला पतंगच कमी. शेंड्यावरच्या अळ्यांसाठी फांद्या तोडल्या तर पालाही जातो.