हरवलेले पैसे शोधायचेत? आधी ओटीपी सांगा!

आमच्या आत्याला गेल्या महिन्यात 3 लाख 82 हजार रुपये सापडले. म्हणजे फोनवर सापडले. ते हातात पडावेत म्हणून तिने आधी 2,499 भरले, मग 4,200, मग ‘जीएसटीचे’ म्हणून 6,875. चौथ्यांदा मागणी आली तेव्हा तिने मला फोन केला. कशासाठी? उसने मागायला.

तेव्हा घरच्या अनुभवावरून, विसरलेला पैसा शोधण्याची रीतसर पद्धत सांगतो. लिहून घ्या.

शोधाची सुरुवात नेहमी व्हॉट्सॲपवरून करावी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये ‘उद्गम’ नावाचं पोर्टल काढलंय, तिथे 30 बँकांमधल्या बेवारस ठेवी एका जागी शोधता येतात आणि त्याला दमडी लागत नाही. दमडी लागत नाही म्हणजे त्यात काही राम नसणार, हे उघड आहे. त्यापेक्षा ज्या लिंकमध्ये ‘आरबीआय’, ‘गव्ह’ आणि ‘क्लेम’ हे तिन्ही शब्द एका दमात येतात आणि शेवटी ‘डॉट एक्सवायझेड’ असतं, ती दाबावी. मेसेजच्या डोक्यावर दोन बाण असतील तर सोन्याहून पिवळं. आमच्या ग्रुपवर तो दाजींनी टाकला होता. दाजी निवृत्त अधिकारी आहेत, म्हणजे तपासूनच टाकला असणार.

ठेवी कुठे आहेत हे हयातीत बायकोला सांगू नये. उगाच तिच्या डोक्याला व्याप.

शोधून देणारा माणूस नेमावा. आत्याला मिळालेला माणूस फार सभ्य होता, तिला ‘मातोश्री’ म्हणायचा. तिच्या वारलेल्या यजमानांचं, म्हणजे आमच्या काकांचं, पूर्ण नाव, जुना पत्ता, सगळं त्याला पाठ. म्हणूनच तर आत्याचा विश्वास बसला. आता बेवारस खात्यांच्या याद्या बँकांना आपल्या वेबसाइटवर लावाव्याच लागतात, आणि न दिलेल्या लाभांशाच्या याद्या कंपन्यांना नावा-पत्त्यासकट लावाव्या लागतात. त्या कोणीही बसून वाचू शकतो. आपल्याच माणसाचं नाव आपल्यालाच विकायचं, याला कौशल्य लागतं, त्याची फी नको? ‘मातोश्री, देशात 78 हजार कोटी रुपये असे पडून आहेत,’ असंही तो म्हणाला. मी तपासलं. बँकांमधल्या बेवारस ठेवींचा मार्च 2024 अखेरचा आकडा 78,213 कोटी आहे. त्याच्या बोलण्यातलं तेवढं एकच वाक्य खरं निघालं. मग फॉर्म भरायला मदत म्हणून त्याने एक ॲप उतरवून घ्यायला लावलं. तो तिकडे बसून तिच्या मोबाइलचा पडदा बघत होता आणि ही इकडे ओटीपी वाचायला चष्मा शोधत होती. चष्मा सापडला नाही तेव्हा तो म्हणाला, राहू द्या मातोश्री, मला दिसतोय. मला दिसतोय! आणि तरी तिला काही वाटलं नाही! अहो, पैसे मिळायच्या आधी पैसे भरा म्हणतो तो चोर असतो. उद्गमवर फी नाही, आयईपीएफचा (न घेतलेला लाभांश आणि शेअर जिथे जमा होतात त्या सरकारी निधीचा) अर्ज फुकट, आणि रिझर्व्ह बँक कुणाच्या आत्याला फोन करून ओटीपी विचारत नाही. हे कितीदा सांगायचं?

असो. उपरोधाने लिहायचं ठरवलं होतं.

उद्गमवर गेलातच तर एकदाच शोधावं, एकाच स्पेलिंगने, आणि ‘काही नाही’ असं आलं की लॅपटॉप मिटावा. मी मूर्खासारखा रात्री साडेअकरापर्यंत बसलो. नावासोबत पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, जन्मतारीख किंवा पत्ता, यांतलं काहीतरी द्यावं लागतं. पॅन टाकला, काही नाही. पण काकांनी पॅन काढला त्याच्या आधीचं ते खातं! जन्मतारीख टाकली, नाही. काकांच्या दोन जन्मतारखा, एक आईने सांगितलेली आणि एक मास्तरांनी लिहिलेली, दोन्ही वाया. शेवटी जुन्या भाड्याच्या घराचा पत्ता घातला, आडनावात ‘डबल ओ’ होता तिथे ‘यू’ केला, आणि एक मुदत ठेव निघाली. चोराच्या 3 लाख 82 हजारांशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

तिथे दिसत नाही म्हणजे पैसे बुडाले, असंही खुशाल समजावं. खरं तर 10 वर्षं कोणी न विचारलेली ठेवच रिझर्व्ह बँकेच्या एका खास निधीत जाते आणि उद्गमवर येते. 6 वर्षं पडून असलेली अजून बँकेतच असते. पतसंस्थेतलं आणि पोस्टातलं तर तिथे दिसणारच नाही. देना बँकेचं पासबुक असेल तर ते रद्दीत घालावं; 2019 मध्ये ती बँक ऑफ बडोदात विलीन झाली, हे कोण लक्षात ठेवणार?

शेअर्सचं म्हणाल तर सलग 7 वर्षं लाभांश घेतला नाही की लाभांशासोबत शेअरही आयईपीएफकडे जातात. चार कंपन्यांचे असतील तर चार वेगळे अर्ज लागतात, म्हणून एकही करू नये. म्युच्युअल फंडांसाठी ‘मित्र’ आणि विम्यासाठी ‘बीमा भरोसा’ ही पोर्टलं आहेत. नावं गोड आहेत. उघडून कशाला बघायची?

शाखेत गेल्यावर समोरचा सांगेल ते प्रमाण मानावं. मला सांगितलं गेलं, ‘ते पैसे आरबीआयकडे गेले, आता आमच्याकडे काही नाही.’ मी उद्गमवरचा संदर्भ क्रमांक छापून नेला होता. तो पुढे सरकवला आणि म्हटलं, साहेब, दावा तुमच्याकडेच करायचा असतो. तुम्ही आम्हाला द्यायचे आणि मग निधीतून परत घ्यायचे. साहेब आत गेले, पंधरा मिनिटांनी आले, आणि एक फॉर्म मिळाला. वर ‘तीन दिवसांनी या’ हे मिळालंच.

मग ठेवीचा जुना अर्ज निघाला. नॉमिनीच्या रकान्यात, म्हणजे आपल्यामागे पैसे कुणाच्या हाती द्यायचे ते लिहितात तिथे, काकांनी सुबक अक्षरात एक आडवी रेघ मारली होती.

पुरे झाली थट्टा. काका, आज तुम्ही असतात तर तुमच्याशी भांडलो असतो. ज्या माणसाने आयुष्यभर विजेची बिलं तारखेवार लावून ठेवली, त्याला त्या रकान्यात बायकोचं नाव लिहिता आलं नाही? त्या एका रेघेपायी आता आत्या मुलांच्या सह्या, ना हरकत पत्रं आणि स्टॅम्प पेपर गोळा करत हिंडतेय. आणि वाचणाऱ्यांनो, हसू नका. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. तुमच्या खात्याला एक तरी आहे का? बघितलंय कधी? फॉरवर्ड करायला वेळ आहे तुम्हाला!

आत्याने 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केली ती चौथ्या दिवशी. पहिल्याच तासात केली असती तर काही रक्कम अडवता आली असती. का नाही केली? आपण ग्रुपवर हसू म्हणून. आणि आपण हसलोच. मीही.

दाजी, तो मेसेज अजून ग्रुपवर तसाच आहे. ॲडमिन तुम्ही आहात. काढा तो.