हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

अमेरिकेत धंदा थाटलाय आणि व्हेंडरांना दिलेले न वटलेले चेक वर्षानुवर्षं लेजरला चिकटून बसलेत? वर्षअखेरीला सगळे रद्द करा आणि रक्कम ‘इतर उत्पन्ना’त ढकला. ऑडिटर आला की आधी हेच खातं उघडतो, पण तोवर बोनस वाटून झालेला असतो.

‘हा बेवारस पैसा राज्याकडे भरावा लागतो’ असं अकाउंटंट कुरकुरला, तर एकच शब्द तोंडावर फेका: सूट. ओहायोत एका व्यवसायाचं दुसऱ्या व्यवसायाला असलेलं बरंचसं देणं, म्हणजे जादा भरणा, परतावे, रिबेट, कायद्यातून वगळलंय. ओहायोत आहे म्हणजे पन्नासही राज्यांत असणारच! इलिनॉयने ही सूट 2018 पासून काढली आणि वर मागच्या पाच वर्षांचा हिशेबही मागितला, असल्या अभद्र गोष्टी वाचू नयेत.

आता पत्ते. 1965 साली ‘टेक्सस विरुद्ध न्यू जर्सी’ खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की तुमच्या वहीत घेणेकऱ्याचा शेवटचा पत्ता ज्या राज्यातला, पैसा त्या राज्याकडे. पत्ताच नसेल तर कंपनी जिथे नोंदलेली, त्या राज्याकडे. तेव्हा हिशेबाचं नवं सॉफ्टवेअर घ्याल तेव्हा जुन्या वहीतून व्हेंडरचं नाव आणि रक्कम तेवढी उचला, पत्त्याचे रकाने कोरे सोडा. ओहायोतल्या व्हेंडरचे 412 डॉलर 50 सेंट तिथे सहज सुटले असते. आता ते डेलावेअरचे. (कंपनी तिथेच नोंदवलीय ना? हौसेने नोंदवतात सगळे.) आणि डेलावेअर व्यवसाया-व्यवसायातली सूट मानत नाही.

जुने कागद तर रद्दीतच घाला. कागद नसले की डेलावेअरचा ऑडिटर अंदाज बांधतो: ज्या वर्षांच्या वह्या सापडतात त्यांतलं बेवारस रकमेचं प्रमाण काढायचं आणि उरलेल्या वर्षांच्या विक्रीला लावायचं. 2016 साली एका फेडरल कोर्टाने एका कंपनीच्या बाबतीत हे अतीच झालं म्हणून झापलं, 2017 मध्ये कायदा सुधारला. अंदाज आहे तिथेच आहे. ऑडिटच्या आधी ‘आपणहून हिशेब द्या, व्याज-दंड माफ’ असं सरकारी पत्र येतं, उत्तराला 90 दिवस. जाहिरात समजून फेकून द्या. नंतर येतं ते ऑडिटचं.

न वटलेले पगाराचे चेकही याच सुटीखाली दडपा. कर्मचारी म्हणजे ‘व्यवसाय’ नव्हे, आणि न नेलेला पगार बऱ्याच राज्यांत एकाच वर्षात बेवारस ठरतो, हे कोण बघतंय? कॅलिफोर्नियात दुकानाचं गिफ्ट कार्ड सहसा राज्याला द्यावं लागत नाही, म्हणजे ते आपलंच झालं. कार्डाला तिथे मुदत घालता येत नाही आणि गिऱ्हाईक दहा वर्षांनीही ते घेऊन दारात उभं राहू शकतं, एवढीच काय ती अडचण.

एक काम मात्र चुकूनही करू नका. साधारण 50 डॉलर किंवा जास्त रक्कम असेल, तर राज्याला बेवारस रकमांचा रिपोर्ट भरण्याच्या 60 ते 120 दिवस आधी पैशाच्या मालकाला पत्र पाठवा, असं बरीच राज्यं सांगतात. पाठवलंत, तर न जाणो, मालक सापडायचा.