क्रिप्टो हे देशाचे चलन होऊ शकते का?

भाच्याच्या पिढीतील मुलांशी बोलताना अलीकडे एक प्रश्न वारंवार समोर येतो. एखाद्या देशाने बिटकॉइनला, म्हणजे कोणत्याही सरकारने न काढलेल्या आणि केवळ संगणकांच्या जाळ्यावर चालणाऱ्या नाण्याला (अशा नाण्यांनाच क्रिप्टो म्हणतात), आपले राष्ट्रीय चलन का करू नये? प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही, कारण दोन देशांनी तसा कायदा प्रत्यक्षात केला होता. शिवाय वडोदऱ्यात हा विषय नुसता चर्चेपुरता उरत नाही. इथे दांडिया बाजार असो की मांजलपूर, मुलगा अमेरिकेत किंवा कॅनडात आहे अशी असंख्य घरे आहेत, आणि तिकडून पैसे येताना किती शुल्क कापले जाते, किती दिवस लागतात, हे त्या घरांना चांगले ठाऊक असते. माझी सारी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे मुले हा प्रश्न हक्काने मला विचारतात. माझे उत्तर त्यांना पटत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो आहे.

कायदा करणे शक्य आहे. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशाच्या संसदेने जून २०२१ मध्ये तो केला आणि ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइन तिथे डॉलरच्या बरोबरीने वैध चलन झाले. राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांच्या सरकारने ‘चिवो’ नावाचे मोबाइल वॉलेट काढले, ते घेणाऱ्या प्रत्येक नागरिकाच्या खात्यात ३० डॉलर किमतीचे बिटकॉइन जमा केले, आणि व्यापाऱ्यांनी बिटकॉइन स्वीकारलेच पाहिजेत असे कलम कायद्यात घातले. या निर्णयामागची अडचण खरी होती. ६० लाखांहून अधिक लोकसंख्येच्या या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नात परदेशातील आप्तांनी पाठवलेल्या पैशाचा वाटा एक पंचमांशाहून अधिक आहे आणि त्यावरचे शुल्क गरिबांच्या खिशातून जाते. त्यामुळे या प्रयोगाला मूर्खपणा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

परंतु त्याच कायद्याने डॉलर हटवला नाही, ही गोष्ट फार थोडे लोक लक्षात घेतात. किमती डॉलरमध्येच मांडल्या जात राहिल्या, हिशेब डॉलरमध्येच राहिले, आणि व्यापाऱ्याला मिळालेले बिटकॉइन लगेच डॉलरमध्ये बदलून देता यावेत म्हणून सरकारला १५ कोटी डॉलरचा वेगळा निधी उभारावा लागला. म्हणजे नव्या चलनाच्या पाठीशी जुने चलनच उभे होते. बहुसंख्य लोकांनी ३० डॉलर खर्च केले आणि वॉलेट पुन्हा उघडले नाही. परदेशातून येणाऱ्या पैशातही क्रिप्टो वॉलेटांमार्गे येणारा हिस्सा एक-दोन टक्क्यांपलीकडे गेला नाही. दुसरा देश मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक. त्याने एप्रिल २०२२ मध्ये असाच कायदा केला आणि वर्षभरात मागे घेतला.

आता माझा मूळ मुद्दा. राष्ट्रीय चलन म्हणजे ज्यात माल विकत घेता येतो अशी वस्तू एवढाच अर्थ नाही. ज्यात पगार ठरतात, कर भरला जातो, पीककर्ज आणि गृहकर्ज लिहिले जाते, आणि ज्याचे मूल्य घसरले वा अवाजवी चढले तर ज्याच्याकडे जाब मागता येतो अशी कोणती तरी संस्था त्यामागे उभी असते, ते राष्ट्रीय चलन. बिटकॉइनच्या रचनेत ही जागा जाणीवपूर्वक रिकामी ठेवलेली आहे. एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाही, नवी नाणी किती आणि केव्हा निघतील हे आधीच ठरलेले आहे, आणि त्यात कोणाच्याही विवेकाला वाव नाही. त्याच्या समर्थकांना हाच सर्वांत मोठा गुण वाटतो. गुंतवणुकीच्या वस्तूत तो गुण असेलही, पण देश ज्यावर चालतो त्या चलनात तो घातक ठरेल असे मला ठामपणे वाटते.

मे २०२० आठवून पाहा. टाळेबंदीत दुकाने बंद, कारखाने बंद. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो व्याजदर, ५.१५ टक्क्यांवरून ४.४० वर आणला होता आणि कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. २२ मे रोजी दर ४ टक्के झाला आणि ती मुभा ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. त्याच महिन्यात, ११ मे रोजी, बिटकॉइनच्या प्रत्येक ब्लॉकमागे (व्यवहारांच्या नोंदींच्या गठ्ठ्यामागे) निघणारी नवी नाणी १२.५ वरून ६.२५ वर आली, कारण संगणकीय नियमात तसे लिहिलेले होते. जगभर माणसे घरात कोंडलेली असताना, पैशाची निकड सर्वाधिक असताना, नव्या पुरवठ्याचा वेग निम्मा झाला. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. नियमाला साथीची खबरच नव्हती. आपल्या देशाचे चलन त्या दिवशी बिटकॉइन असते, तर दर कमी करणारा आणि हप्ता पुढे ढकलण्याइतके पाठबळ बँकांना देणारा कोणी उरलाच नसता. १९३० च्या दशकातील महामंदीत चलन सोन्याला बांधलेल्या देशांचा अनुभव याच जातीचा होता. ब्रिटनने १९३१ मध्ये सुवर्णमान सोडला, अमेरिकेने १९३३ मध्ये, आणि ज्यांनी हे बंधन लवकर सोडले त्यांची अर्थव्यवस्था सर्वसाधारणपणे लवकर सावरली.

चर्चेत नेहमी बचत करणाऱ्याचा विचार होतो, कर्जदाराचा होत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनची किंमत ६९ हजार डॉलरच्या आसपास होती, वर्षभराने ती १६ हजारांच्या आसपास आली, आणि मार्च २०२४ मध्ये पुन्हा ७० हजारांच्या वर गेली. पहिल्या वर्षात ज्याचा पगार बिटकॉइनमध्ये ठरला होता, त्याच्या संसाराचा पाऊण भाग नाहीसा झाला असता. हे सर्वांना दिसते. पण ज्या शेतकऱ्याने २०२२ च्या अखेरीस एक बिटकॉइन कर्ज घेऊन विहीर खोदली असती, त्याला सव्वा वर्षाने त्या एका बिटकॉइनसाठी चौपटीहून अधिक कापूस विकावा लागला असता. मूल्य वाढणारे चलन हे कर्जदाराच्या गळ्याला लागलेले फास असते, आणि आपल्या देशात कर्जदार म्हणजे शेतकरी, लघुउद्योजक, घर घेणारे तरुण जोडपे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सरकारवर विश्वास का ठेवावा? ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातील सुमारे ८६ टक्के मूल्याच्या नोटा बाद झाल्या, ते आपण सर्वांनी भोगले आहे, आणि त्या दिवसांतील काउंटरपलीकडच्या रांगा माझ्या डोळ्यांसमोरून अजून गेलेल्या नाहीत. सत्ता मनमानी करू शकते हे मला मान्य आहे. तरीही त्या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाता आले, संसदेत प्रश्न विचारता आले. २०१६ पासून महागाई ४ टक्क्यांच्या दोन टक्के खाली-वर या मर्यादेत ठेवणे हे रिझर्व्ह बँकेवरचे कायदेशीर बंधन आहे, आणि सलग तीन तिमाही ती मर्यादा सुटली तर सरकारला लेखी कारणे द्यावी लागतात. २०२२ मध्ये तसे घडले आणि ते पत्र पाठवावेही लागले. हे उत्तरदायित्व अपुरे आहे, ते वाढले पाहिजे, ते पत्र जनतेसमोर यायला हवे असे माझे मत आहे. पण अपुऱ्या उत्तरदायित्वावर उपाय म्हणून ते मुळातच काढून टाकणे मला समजत नाही.

दुसऱ्याचे चलन स्वीकारून राज्य चालवता येते, याची साक्ष आपल्या शहरातच आहे. बडोदा संस्थानात बाबाशाही रुपया चालत असे आणि शेजारच्या ब्रिटिश मुलखात कलदार, म्हणजे ब्रिटिश सरकारचा रुपया. दोघांतील भाव सतत हलत असे, आणि वस्तू इकडून तिकडे नेणाऱ्याला नाणी बदलण्यासाठी सराफाकडे वटाव मोजावा लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत संस्थानाने स्वतःचे नाणे बंद करून कलदार स्वीकारला. व्यापार सोपा झाला, त्याच्या मोबदल्यात नाण्यावरची सत्ता गेली. इक्वेडोरने २००० मध्ये आणि एल साल्वादोरने २००१ मध्ये डॉलर घेतला, तो सौदा याच प्रकारचा. मात्र कलदारामागे ब्रिटिश हिंदुस्थानचे सरकार होते आणि डॉलरमागे अमेरिकेची मध्यवर्ती बँक आहे. क्रिप्टो स्वीकारणारा देश स्वतःची सत्ता सोडतो आणि ती पेलणारा दुसरा कोणीही त्याला मिळत नाही.

नाणे काढण्याच्या अधिकारातून सरकारला मिळणारे उत्पन्नही यात जाते. रिझर्व्ह बँकेने २०२४-२५ या वर्षासाठी केंद्र सरकारला २ लाख ६८ हजार कोटी रुपयांहून अधिक वरकड रक्कम दिली. सगळी रक्कम नोटा छापण्यातून आलेली नाही, परकीय चलनाच्या व्यवहारांचाही त्यात मोठा वाटा आहे, पण दोन्ही गोष्टी स्वतःचे चलन असल्यामुळेच शक्य होतात. बिटकॉइनमध्ये नव्या नाण्यांचे उत्पन्न मायनिंग करणाऱ्यांकडे, म्हणजे संगणक चालवून नवे ब्लॉक जोडणाऱ्यांकडे जाते, मग ते कोणत्याही देशातले असोत.

परदेशातून येणारा पैसा स्वस्तात आणि लवकर यावा ही मागणी मात्र मी पूर्णपणे उचलून धरतो. त्यासाठी चलन बदलण्याची गरज नाही. यूपीआय सिंगापूरच्या पेनाऊ या झटपट पैसे पाठवण्याच्या व्यवस्थेशी फेब्रुवारी २०२३ मध्ये जोडले गेले आणि काही मिनिटांत पैसे पोहोचू लागले. अशी जोडणी अमेरिका आणि कॅनडाशी व्हावी यासाठी जोर लावण्यात अर्थ आहे. १ डिसेंबर २०२२ पासून किरकोळ वापरासाठी आलेला डिजिटल रुपयाही याच दिशेचा आहे. तो रुपयाच आहे आणि त्याची हमी रिझर्व्ह बँकेची आहे.

उद्या एखाद्या देशाने शिक्षकांचे पगार, पीककर्ज आणि अंदाजपत्रक हे सारे क्रिप्टोमध्ये मांडून, एक मंदी आणि एक दुष्काळ त्यातून निभावून दाखवला, तर मी माझे मत बदलीन. एल साल्वादोर त्या दिशेने गेलेला नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून १४० कोटी डॉलरचे कर्ज घेताना त्याने जानेवारी २०२५ मध्ये कायदा दुरुस्त केला. बिटकॉइन खरेदी करून साठवतच असल्याचे सरकार सांगते, पण व्यापाऱ्यांवरची सक्ती गेली, आणि नागरिकाला आपला कर आता बिटकॉइनमध्ये भरता येत नाही.