लक्ष कुठे होतं तुझं?

गेल्या महिन्यात नाईटला एक पोरगं आलं, २० महिन्यांचं. वडील रंगकाम करतात. साइटवर उरलेलं थिनर त्यांनी पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून घरी आणलं आणि बाटली मोरीपाशी जमिनीवर ठेवली. पोराला तहान लागली, त्याने ओळखीची बाटली उचलली. तोंडाला वास येतोय म्हणून आजीने घाईघाईने मिठाचं पाणी पाजून उलटी काढली. चांगल्या मनानेच काढली. पण थिनर, रॉकेल, पेट्रोल या गोष्टी पोटात आहेत तोवर त्यातल्या त्यात बरं. उलटी होताना त्या श्वासनळीत उतरतात आणि मग छाती धरते. आमच्याकडे आलं तेव्हा पोराच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

कॅज्युअल्टीच्या दारातच त्या आईला सासूने विचारलं, "लक्ष कुठे होतं तुझं?" मग नवऱ्याने विचारलं. मग स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांनी. मग केसपेपर लिहिता लिहिता डॉक्टरांनीही. ती गप्प. पहाटे अडीचला पोर ऑक्सिजनवर जरा शांत झालं, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "सिस्टर, मी भात उतरवत होते."

मी १९ वर्षं पीडियात, म्हणजे मुलांच्या वॉर्डात, नर्स आहे. त्यातली पहिली सात-आठ वर्षं हा प्रश्न मीही विचारला. वर तो ठेवणीतला सिस्टरी आवाज. तेव्हा वाटायचं, आईला एकदा चांगलं लागलं की पुन्हा अशी चूक करणार नाही. होतं काय, तर पुढच्या वेळी मूल काही गिळतं तेव्हा ती दवाखान्यात यायला उशीर करते. बोलणी खायची भीती. किंवा येते आणि खोटं सांगते, "काही नाही खाल्लं, नुसता ताप आहे." खरं कळेपर्यंत दोन तास गेलेले असतात.

माझं आजचं म्हणणं असं की "मुलाकडे लक्ष ठेवा" हा सल्लाच नाही. ती बोलणी आहेत, फक्त मऊ शब्दांत. लक्ष ही संपणारी गोष्ट आहे. दूध उतू जातं, दाराची बेल वाजते, मोठीला शाळेत सोडायचं असतं, बाई रात्रभर जागलेली असते.

आमचंच बघा ना. पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल चुकून थेट शिरेत गेली तर हृदय थांबतं. म्हणून आम्ही काय करतो? "सिस्टर, लक्ष द्या" अशी पाटी लावून मोकळे होत नाही. ती अँप्युल बाकीच्या इंजेक्शनांत ठेवतच नाही, तिचा कप्पा वेगळा, लेबल वेगळं. कारण पहाटे चार वाजता नर्सचा मेंदू कसा चालतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिकलेल्या, पगारी, गणवेशातल्या बाईच्या लक्षावर आम्ही विसंबत नाही, आणि एकटीने घर ओढणाऱ्या २३ वर्षांच्या पोरीच्या लक्षावर मात्र सगळं सोपवतो.

म्हणून आता मी एवढंच विचारते, "बाटली कुठे होती?" या प्रश्नाला उत्तर असतं. जमिनीवर. कशात होती? पाण्याच्या बाटलीत. कोणी भरली? इथे नवरा मान खाली घालतो, आणि घालू दे. सायकलवरून सुटं फिनेल विकायला येतात तेही असल्याच बाटल्यांत, आणि घरोघरी ते संडासाच्या कोपऱ्यात उभं असतं.

दुसरी जागा आजी-आजोबांची पिशवी. मधुमेहाच्या गोळ्या उशाशी, कारण सकाळी उठल्या उठल्या घ्यायच्या. ग्लिमेपिराइडची एकच गोळी दोन वर्षांच्या मुलाची साखर इतकी उतरवू शकते की झटके येतात. त्याआधी मूल नुसतं पेंगतं, आणि घरचे म्हणतात, दमलंय, झोपू दे. बाई दुसऱ्यांदा गरोदर असेल तर सरकारी लोहाच्या लाल गोळ्या घरात असतातच. दिसायला अगदी चॉकलेटच्या गोळीसारख्या. देवघरातला कापूरही त्यातलाच. थोडा पोटात गेला तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. ही सगळी माहिती आईला देऊन काय उपयोग? आजोबांची गोळी कुठे ठेवायची हे त्या घरात सून ठरवत नाही. म्हणून मी आजोबांनाच बोलावते. "आजोबा, नातवासाठी एक काम कराल?" म्हटलं की फार मनापासून ऐकतात.

तापाच्या औषधाचं तर रोजचंच. पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत १ एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपमध्ये ५ एमएलमध्ये १२५. थेंब संपले म्हणून सिरप आणलं आणि ड्रॉपरनेच दिलं तर ताप उतरत नाही. उलट, थेंबांचं औषध चमचाभर पाजलं तर एवढ्याशा जिवाला मोठ्या माणसाची ५०० ची अख्खी गोळी दिल्यासारखं होतं. दोन्ही खोक्यांवर नाव एकच. यात आईचं लक्ष काय करणार? मी ड्रॉपरवर पेनाने रेघ मारून देते आणि म्हणते, आता भरून दाखवा. दहातल्या निदान तिघी पहिल्यांदा चुकीचं भरतात. पदवीधरही.

आता आमच्या घरचं झाकलेलं. डिस्चार्जच्या दिवशी आम्ही कागदावर लिहितो, "हेल्थ एज्युकेशन दिले." तीन शब्द आणि सही. प्रत्यक्षात काय घडलेलं असतं? बाप बिलाच्या किंवा कागदाच्या रांगेत, आजी पिशव्या भरतेय, खाली रिक्षा उभी, मूल किंचाळतंय, आणि मी एका दमात चौदा सूचना म्हणते. शेवटी "समजलं ना?" ती मान हलवते. मीही हलवते. मे महिन्यात परिचारिका दिनाला त्याच वॉर्डात तक्ता धरून फोटो निघतो, त्या दिवशी तेवढे पेढे मिळतात.

खरं शिकवणं होतं ते दुपारी तीन-चारच्या सुमारास, राउंड आटोपलेला आणि सलाईन चालू असताना. बायका पाय मोकळे करून बसलेल्या असतात. मी टॉवेलची गुंडाळी करते, तेच बाळ. शेंगदाणा अडकलाय. मूल जोरात खोकत असेल तर हात लावायचा नाही, खोकू द्यायचं. खोकणं-रडणं थांबलं, आवाज फुटेना, तरच. वर्षाच्या आतलं असेल तर हातावर उपडं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधोमध तळव्याने पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मध्यावर पाच दाब. घशात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, शेंगदाणा आणखी आत जातो. एक जण १०८ ला फोन लावेल. मग टॉवेल हातोहात फिरतो. पहिल्यांदा सगळ्या लाजतात, दुसऱ्या फेरीला एकमेकींना दुरुस्त करायला लागतात. "अगं, डोकं खाली कर की त्याचं!" माझ्या लेक्चरपेक्षा हे वाक्य पक्कं बसतं.

"लोकांना कळत नाही हो सिस्टर, अडाणी आहेत," हे स्टाफरूममध्ये मी हजारदा ऐकलंय. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच जेमतेम शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या घरी जाऊन नवजात बाळ तपासायच्या, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायच्या. त्या गावांतले बाळमृत्यू किती घटले ते १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कळत नाही म्हणे!

आशाताई आता मुलाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जातात. वजन, लसीकरण, वरचं खाणं बघतात. माझं चाललं तर त्यात एक काम वाढवीन (आधीच त्यांच्या डोक्यावर किती कामं आहेत ते माहीत असूनही). नवव्या महिन्याच्या भेटीत आईला, आणि घरात असेल तर बापालाही, जमिनीवर बसवायचं. मूल रांगतं त्या उंचीवरून हात पुरेल तेवढं सगळं बघायचं. मोबाइलच्या चार्जरची लोंबती वायर, गॅसवरून बाहेर डोकावणारा कढईचा दांडा, बादलीत सोडलेला रॉड. वॉकर असेल तर काढून टाकायचा. कॅनडाने २००४ सालीच त्याच्या विक्रीवर बंदी घातली, आपल्याकडे तो अजून कौतुकाने भेट येतो.

थिनरवालं पोर सहाव्या दिवशी घरी गेलं. परवा दाखवायला आले होते. छाती स्वच्छ. बापाने मुद्दाम मला शोधून मोबाइल पुढे केला. फळी ठोकलीय, त्याच्या डोक्याच्याही वर. थिनर त्याच्या मूळच्या डब्यात, झाकण घट्ट. "आता हिचा हातबी पुरत नाही सिस्टर," म्हणाला. बायको पहिल्यांदा हसताना दिसली.

फोटो मोठा करून बघितला. खालच्या कोपऱ्यात मोरीतली बादली, काठोकाठ भरलेली. दीड-दोन वर्षांच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, वाकलं की तोल पुढे जातो, आणि मग वीतभर पाणीही पुरतं. ओपीडीची रांग दारापर्यंत आली होती. मी स्टूल पुढे ओढलं आणि दोघांना म्हटलं, "बसा पाच मिनिटं. पाणी किती वाजता येतं तुमच्याकडे?"